किल्ल्यांवरचा लीडर हिमालयात लगेच चालेल का?

*ताई, मी २६ वर्षांचा, भोर तालुक्यातला. राजगड, तोरणा, रायरेश्वर या भागात लहानपणापासून हिंडतोय. गेली काही वर्षं एका ग्रुपबरोबर शनिवार-रविवारचे ट्रेक लीड करतो. आता एका कंपनीने मे-जूनसाठी उत्तराखंडात सांकरीला ट्रेक लीडर म्हणून बोलावलंय. पगार चांगला आहे. मालक म्हणतात, ‘तिकडची वाट मळलेली असते, तुझ्यासारख्याला काय अवघड?’ माझा एक मित्र ताडोबाजवळच्या रिसॉर्टवर नॅचरलिस्ट आहे, तो म्हणतो इकडे ये. घरचे म्हणतात, काहीतरी एक धर. मला वाटतं डोंगर तो डोंगर आणि जंगल ते जंगल, कुठेही निभावेल. काय करू?*
*– एक ट्रेक लीडर, भोर*

सांकरीला जरूर जा, पण या मोसमात लीडर म्हणून जाऊ नकोस. तिथल्याच एखाद्या जाणत्या गाईडच्या हाताखाली दुय्यम म्हणून जा, पैसे कमी मिळाले तरी चालतील. ताडोबाचं पुढे बोलू. ते काम फारच वेगळं आहे, आणि तुझ्या पत्रात तुझा ओढा तिकडे दिसत नाही.

‘डोंगर तो डोंगर’ हे तुझ्या पायांपुरतं बरंचसं खरं आहे. दम, तोल, पाठीवर ओझं घेऊन दिवसभर चालायची सवय, हे सगळं तिकडे कामाला येईल. पण लीडर म्हणून तुला लोक पैसे देतात ते तुझ्या पायांचे नाहीत. त्या जागी माणसाच्या जिवावर काय बेतू शकतं हे तुला त्यांच्या आधी कळतं, आणि तू वेळेत हलतोस, याचे ते पैसे आहेत. ते ‘काय’ जागेगणिक बदलतं. म्हणून एका जागी मुरलेला लीडर दुसऱ्या जागी गेल्यावर पहिल्या मोसमात शिकाऊच असतो. यात कमीपणा काही नाही.

आधी तुला काय येतं ते मांडते, कारण पत्रात तू ते एका ओळीत गुंडाळलंस. जुलैच्या धुक्यात राजगडाच्या संजीवनी माचीवरून उतरून तोरण्याच्या बुधला माचीकडे धारेने माणसं न्यायची, हे येरागबाळ्याचं काम नाही. आपल्याकडे वाट नसण्यापेक्षा वाटा फार असण्याची अडचण मोठी. गुरांनी पाडलेली ढोरवाट चांगली रुंद दिसते, उताराला आडवी जाते आणि दोन वळणांनी कारवीत विरून जाते. माणसाची वाट खिंडीकडे, पाण्याकडे नाहीतर देवळाकडे जाते. हा फरक तू धुक्यातही पायाखाली ओळखतोस. वाळलेलं गवत धरायचं नाही, घसाऱ्यावर टाच रोवून एकेकाला सोडायचं, नाळेतून, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीतून, उतरताना वरच्याने पाय टाकायच्या आधी खालच्याला आडोशाला घ्यायचं, हे तुला कुणी वर्गात शिकवलेलं नाही. आपला कातळ बेसॉल्टचा. लाव्हाच्या थरांवर थर, मध्ये मुरूम, आणि वर्षानुवर्षांच्या पाण्या-उन्हाने सुटे झालेले दगड. दिसायला भक्कम दिसणारा हातभर दगड हातात येऊ शकतो, म्हणून तू आधी ठोकून बघतोस आणि मग भार देतोस.

आणि एकच किल्ला वर्षात तीनदा बदलतो. पावसात शेवाळ आणि ओढे. दिवाळीनंतर पाणी मुबलक, हवा छान, पण वाळल्या गवतावरून पाय सटकतो. मार्चपासून टाकी आटायला लागतात, कातळ तापतो, आणि मुंबई-पुण्याहून एक लिटरची बाटली घेऊन आलेला माणूस दुपारी बाराला भेलकांडायला लागतो. कुठल्या टाक्यात एप्रिलपर्यंत पिण्याजोगं पाणी असतं, कुठल्या कड्याला आग्या मोहोळ लागलंय आणि तिथून आरडाओरडा न करता, धूर न करता कसं सरकायचं, फुरसं दगडाखाली असतं म्हणून कुठे हात घालायचा नाही, साप चावलाच तर कापाकापी आणि आवळून बांधणं टाळून कुठल्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, ही सगळी तुझी विद्या आहे. ती या मातीत पिकलेली आहे. यातला निम्म्याहून अधिक भाग सांकरीला तुझ्या उपयोगाचा नाही, हे मात्र स्वीकारायला हवं.

आता मुद्द्यावर येते. सह्याद्रीतला अपघात बहुधा क्षणात होतो: पाय घसरला, दगड आला, ओढ्याला लोंढा आला. त्यामुळे तुझं लक्ष माणसांच्या पायांकडे असतं. हिमालयातही माणसं घसरतात, दगड तिथेही पडतात. पण ट्रेकच्या वाटांवर तिथली मोठी संकटं सावकाश येतात, दोन-दोन दिवस आधीपासून. त्यासाठी लक्ष माणसांच्या चेहऱ्याकडे, बोलण्याकडे आणि ताटाकडे ठेवावं लागतं.

उंचीचंच बघ. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रात त्याहून उंच जागा नाही. सांकरी गावच १९०० मीटरच्या वर आहे. म्हणजे तू जिथे बसमधून उतरशील, तिथेच आपल्या सगळ्यांत उंच शिखरापेक्षा वर असशील. तिकडच्या ट्रेकपैकी हर की दूनचं खोरं साडेतीन हजार मीटरच्या आसपास, आणि रूपिन पास ही खिंड साडेचार हजारांच्याही वर. ४००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के उरतो. साधारण २५०० मीटरच्या पुढे कुणालाही विरळ हवेचा त्रास होऊ शकतो, आणि तो कुणाला होईल हे तब्येतीवरून सांगता येत नाही. मॅरेथॉन पळणारा पडतो आणि पन्नाशीच्या काकू आरामात चालत राहतात. म्हणून नियम आहे की ३००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबायचं. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपलेलं चालतं. हिशोब झोपेच्या उंचीचा असतो.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आण. संध्याकाळ झाली आहे, जेवणाच्या तंबूत सगळे सूप पिताहेत. एक मुलगा आलेला नाही. तू बघायला जातोस तर तो स्लीपिंग बॅगमध्ये बूट घालूनच पडलाय. म्हणतो, ‘काही नाही, अ‍ॅसिडिटी आहे, सकाळी ठीक होईन.’ दुपारपासून तो गटाच्या मागे होता, पण तुला वाटलं फोटो काढतोय. डोकं दुखतंय का विचारलं तर ‘थोडंसं’. जेवण नको. आता तुझं काम काय? त्याला उठवायचं, बाहेर सपाट जागी आणायचं आणि एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावत सरळ रेषेत दहा-बारा पावलं चालायला लावायचं. झोकांड्या जात असतील तर मेंदूला सूज येत असल्याची ती खूण आहे. चालला नीट, पण बसल्या जागी धाप लागतेय, खोकला येतोय, तर फुफ्फुसात पाणी साठतंय असं धरायचं. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच खाली उतरवायचं. ऑक्सिजनचं सिलिंडर आणि औषधं वाटेत हाताशी असू देत, पण ती उतरण्याच्या ऐवजी नव्हेत. नुसतीच डोकेदुखी आणि मळमळ असेल तर निदान दुसऱ्या दिवशी वर न्यायचं नाही. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर हल्लीचे लीडर फार विसंबतात. थंडीने गारठलेल्या बोटावर तो चुकीचा आकडा दाखवू शकतो. आकडा बघ, पण आधी माणूस बघ.

आता सांग, तुझ्या किल्ल्यावर असा एखादा मागे पडला तर तू काय म्हणतोस? ‘थोडंच राहिलंय, चल, बालेकिल्ला दिसतोय.’ आपल्याकडचा प्रत्येक लीडर हे वाक्य म्हणतो आणि त्याबद्दल त्याचं कौतुक होतं. शेवटच्या माणसालाही वर नेलं म्हणून लोक व्हॉट्सअ‍ॅपवर आभार मानतात. राजगडावर त्यात फारसं बिघडत नाही, कारण दमलेला माणूस वर बसला, लिंबू-साखर प्यायला की सावरतो. विरळ हवेत हेच वाक्य जिवावर उठतं. तिथे वर नेल्याने त्रास वाढतो आणि खाली आणल्याने उतरतो. मला तुझी काळजी वाटते ती इथे. तुला काही येत नाही म्हणून नाही. जे तुला फार चांगलं येतं, ज्याच्यासाठी तुझं नाव आहे, तीच सवय तिकडे आड येईल. ती मोडायला एक अख्खा मोसम दुसऱ्याला निर्णय घेताना जवळून बघावं लागतं. आमच्या प्रशिक्षणात सह्याद्रीतून आलेल्या मुलांना चढणं शिकवायला वेळ लागत नाही. ‘तू उद्या वर येणार नाहीस’ हे तोंडावर सांगायला शिकवण्यात वेळ जातो.

पाण्याचंही तसंच. आपल्या ओढ्याला पाणी येतं ते वर कुठेतरी कोसळलेल्या सरीचं. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहत आला की तू माणसं मागे घेतोस. हिमालयात निरभ्र दिवशीही प्रवाह चढतो, कारण ऊन वाढलं की बर्फ वितळतं. पहाटे गुडघाभर असलेलं पाणी दुपारी कमरेला लागतं. तुला आभाळ बघायची सवय आहे, तिकडे घड्याळही बघावं लागेल. खिंडीचंही वेळापत्रक असंच: पहाटे बर्फ टणक असतो, पाय ठोकून पायऱ्या करता येतात. उन्हं चढली की भुसभुशीत होतो, मांडीपर्यंत पाय जातो, आणि वरून दगड सुटायला लागतात. म्हणून मध्यरात्रीनंतर उठून निघतात. हे गटाला पटवणं आणि निघायला उशीर करणाऱ्याला वठणीवर आणणं हेही लीडरचंच काम आहे.

थंडीबद्दल. पावसात भिजणं ही आपल्याकडे मजा आहे, लोक त्यासाठीच येतात. उंचीवर दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, आणि ओला कॉटनचा टी-शर्ट, वर वारा, हे मिळून जूनमध्येही माणूस गारठून जातो. आधी कुडकुडतो, मग बोलणं जड होतं, हातातून वस्तू पडायला लागतात, आणि मग कुडकुडणं थांबतं. ते थांबलं म्हणजे बरं वाटतंय असा समज होतो, पण ती धोक्याची पुढची पायरी असते. २०२४ च्या जूनमध्ये उत्तरकाशी भागात सहस्रतालच्या ट्रेकवर कर्नाटकातून गेलेल्या, गाईड धरून २२ जणांच्या गटाला परतताना बर्फाच्या वादळाने गाठलं आणि त्यातले नऊ जण गेले. चालण्यात मुरलेली माणसं होती ती, आणि महिना होता जून. मी कुणाला दोष देत नाही, तिथे काय झालं याचा न्याय लांबून करू नये. तुला एवढंच सांगते की ‘मे-जून म्हणजे सोपा मोसम’ असं कुणी म्हणालं तर ते जसंच्या तसं घेऊ नकोस.

बर्फावरची कौशल्यं तर शिकूनच घ्यावी लागतात. आइस अ‍ॅक्स, म्हणजे बर्फातली कुऱ्हाड, हातात असणं वेगळं आणि उतारावर घसरायला लागल्यावर पोटावर उलटून, अंगाचा भार टाकून ती बर्फात रुतवून स्वतःला थांबवणं वेगळं. हे शंभरदा सुरक्षित उतारावर करावं लागतं, तेव्हा ते अंगात भिनतं. कुठला उतार हिमस्खलनाचा, हे ओळखायला त्याहून जास्त वेळ लागतो. ढोबळमानाने ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वांत घातक, आणि नेमके तेच चालायला मोहात पाडतात. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा या शिखरावर हिमस्खलनात उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची अ‍ॅडव्हान्स कोर्सची तुकडी सापडली. तिथे शिकणारे होते तसे शिकवणारेही होते. बर्फ जाणणाऱ्यांचीही ही गत होऊ शकते, तर न जाणणाऱ्याने त्यावर वीस माणसं घेऊन जाऊ नये.

मालक म्हणतात वाट मळलेली असते. असते खरी. पण मळलेल्या वाटेवर खेचरं येतात, आणि खेचरं आली की गटाला डोंगराच्या बाजूला उभं करायचं असतं, दरीच्या बाजूला कधीच नाही. पाठीवरच्या ओझ्याचा एक धक्का पुरतो. तिथला पोरगा हे दहाव्या वर्षीच शिकलेला असतो. म्हणून म्हणते, सांकरी, ओसला, गंगाड या गावांतल्या गाईडबरोबर काम कर. आपल्याकडे बाहेरचा ग्रुप येऊन गावातल्या वाटाड्याला न विचारता नाळेत घुसतो तेव्हा तुला कसं वाटतं ते आठव. तिकडे तू बाहेरचा आहेस. त्यांच्याकडून शिकताना त्यांचा रोजगार आपण हिसकावत नाही ना, हेही बघ. चांगल्या कंपनीत स्थानिक गाईडचा शब्द शेवटचा असतो.

ताडोबाबद्दल थोडक्यात. तिथे जिप्सीत बसणारा गाईड वनखात्याकडे नोंदलेला, आसपासच्या गावातला असतो. तू जाशील तो रिसॉर्टचा नॅचरलिस्ट म्हणून. तिथे तुझे पाय जवळजवळ निरुपयोगी आहेत, गाडीतून उतरायचंच नसतं. लागतो तो कान आणि धीर. चितळ ओरडलं तर बिबट्या असेल, रानकुत्री असतील, कधी काहीच नसेल. सांबराने ढाँक, म्हणजे धोक्याची हाक, दिली तर मात्र ड्रायव्हरला गाडी बंद करायला सांगायची आणि गप्प बसायचं. उन्हाळ्यात पाणवठ्यावर दीड तास काही न घडता बसायचं, आणि गाडीतल्या सहा जणांना त्या दीड तासात झाडं, पक्षी, वाळवीची वारुळं यांत रमवायचं. आणि वाघ दिसल्यावर ‘अजून पुढे घ्या’ म्हणणाऱ्याला नाही म्हणायचं. मोहफुलांच्या दिवसांत पायी फिरणारे गावकरी वाघापेक्षा अस्वलाला जास्त भितात, हे कळायलाही तिथल्या माणसांत राहावं लागतं. तुला पक्षी-प्राण्यांचा नाद असेल तर हे सुंदर आयुष्य आहे. नुसती नोकरी म्हणून जाऊ नकोस, पर्यटकांना ते पहिल्या तासात कळतं.

घरचे ‘एक धर’ म्हणतात त्यात मला तथ्य वाटतं. मालवण-तारकर्लीकडची होडी चालवणारी माणसं बघ. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास, आणि अमावस्या-पौर्णिमेला उधाण. हा हिशोब ती बोलता बोलता करतात आणि त्यावरून सांगतात की आज पर्यटकांना बेटावर नेऊन किती वाजेपर्यंत परतायचं. एका किनाऱ्यावर आयुष्य काढल्याशिवाय हे येत नाही. तूही दोन ठिकाणांपलीकडे पसरू नकोस. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात सह्याद्री, उन्हाळ्यात उत्तरकाशी, हे पुढची दहा वर्षं पुरेल इतकं मोठं आहे.

शिकायचं कसं? गिर्यारोहणाचा २८ दिवसांचा बेसिक कोर्स कर. उत्तरकाशीची संस्था १९६५ ची, दार्जिलिंगची १९५४ ची, मनालीलाही सरकारी संस्था आहे. तिन्ही चांगल्या, तुला उत्तरकाशी सोयीची, कारण काम त्याच भागात करायचंय. बेसिकला ‘ए’ ग्रेड मिळव, त्याशिवाय अ‍ॅडव्हान्सला घेत नाहीत. त्यानंतर शिकवण्याचा आणि शोध-बचावाचा कोर्स असतो. रानावनातल्या प्रथमोपचाराचा वेगळा कोर्स यंदाच कर, तो राजगडावरही उद्यापासून उपयोगी पडेल. आणि जाता जाता: २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार राज्यात असे उपक्रम चालवणाऱ्यांनी नोंदणी करायची असते. तुझ्या ग्रुपने केली आहे का, ते विचार.

आता कंपनीला काय लिहायचं ते. ‘यंदा सहायक म्हणून येतो, पुढच्या वर्षी लीडर म्हणून विचार करा’ असं लिही आणि सोबत हे विचार: एका लीडरमागे किती माणसं? तीन हजार मीटरच्या वर थांब्याचा दिवस कार्यक्रमात आहे का? आजारी माणसाला उतरवायचं ठरलं तर शेवटचा शब्द कुणाचा, आणि त्याने पैसे परत मागितले तर लीडरच्या पगारातून कापतात का? ऑक्सिजन आणि स्ट्रेचर कुठल्या मुक्कामापर्यंत असतं? गाईड, स्वयंपाकी आणि ओझं वाहणाऱ्यांचा विमा आहे का? या प्रश्नांवर मालक चिडले, किंवा ‘ते बघू तिथे गेल्यावर’ म्हणाले, तर ती कंपनी सोड. सांकरीत काम देणारे बरेच आहेत. बेसिकचा अर्ज मात्र याच आठवड्यात भर, जागा फार आधी भरतात आणि वैद्यकीय प्रमाणपत्राला डॉक्टरांकडे दोन खेपा पडतातच.